रीडिंग बसू द्या

भोसरीच्या आमच्या कारखान्यात ‘थांबा’ हा शब्द दोन ठिकाणी लिहिलेला होता. एक फाटकावर, वॉचमनच्या केबिनबाहेर. दुसरा कॅलिब्रेशनच्या खोलीच्या दारावर. फाटकावरचा थांबा कुणी मनावर घेत नसे. खोलीच्या दारावरचा घ्यावाच लागे, कारण तो नुसता पाटीवर नव्हता, आत टेबलापाशी बसलेलाही होता. स्टीलच्या काड्यांचा चष्मा, खिशात तीन पेनं आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर, पायांत फक्त त्या खोलीत वापरायच्या निळ्या स्लिपर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. बाकी सगळीकडे ते थांबाकाका.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तिथे हजर झाले. पहिल्याच दिवशी काकांनी मला १० ओहमचा एक रेझिस्टर मोजायला दिला. मी क्लिपा लावल्या, मीटरकडे पाहिलं, आकडा वहीत लिहिला. पाऊण मिनिटात काम फत्ते.

“मॅडम, हे काय लिहिलंत?”

“रीडिंग.”

“कुणाचं?”

“रेझिस्टरचं.”

“रेझिस्टरचं अजून यायचंय. हे तुमच्या बोटांचं आहे.”

मी बोटांकडे पाहिलं. काकांनी सावकाश, जणू आजारी माणसाला औषध समजावतात तसं, समजावलं. क्लिप हातात धरली की ती गरम होते. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे एक टोक गरम आणि दुसरं गार असलं की आपोआप थोडा व्होल्टेज तयार होतो. तांब्याला स्वच्छ तांबं भिडलं तर अंशाला एका मायक्रोव्होल्टहूनही कमी. पण तेच तांबं काळं पडलेलं असलं तर अंशामागे हजारापर्यंतसुद्धा मजल जाते. मीटर या रेझिस्टरमधून १ मिलिअँपिअर सोडतो. म्हणजे माझ्या बोटांनी दिलेला एकेक मायक्रोव्होल्ट त्याला एकेक मिलिओहम वाटणार.

“मग आता?”

“आता हात मांडीवर ठेवा आणि चहा घेऊन या. येईपर्यंत बसेल.”

‘बसेल’ हा काकांचा शब्द. रीडिंग ‘येतं’ हे त्यांना मान्य नव्हतं. येतात ते पाहुणे. येतात, उभ्याउभ्या गडबड करतात. रीडिंग बसतं. आधी शेवटचे तीन आकडे थुईथुई नाचतात, मग दोन, मग एकच शेवटचा आपला इकडून तिकडे डोलत राहतो. मग काका पेनाचं टोपण काढत. टोपण काढण्याचा आवाज आला की समजायचं, बसलं.

त्यांचा लाडका मीटर एचपीचा ३४४०१ए, साडेसहा आकडी. पुढचा तो अर्धा आकडा काय भानगड आहे, असं प्रत्येक नवा माणूस विचारी. काका म्हणत, त्या बिचाऱ्याला एकच काम जमतं, एक लिहिणं. नाहीतर गप्प बसणं. बाकीचे सहा शून्यापासून नऊपर्यंत सगळं बोलतात. पण ते खरं बोलतायत की उगाच बोलतायत हे तुम्ही त्यांना किती वेळ देता त्यावर ठरतं. आणि हा वेळ सेकंदात मोजत नाहीत, भिंतीतल्या विजेच्या झोक्यांत मोजतात.

मला तो हिशेब पुस्तकात वाचूनही कळला नव्हता. काकांनी तो झोपाळ्यावर शिकवला. समजा, झोपाळ्यावर पोर बसलंय आणि तुम्हाला विचारलं, पोर सरासरी कुठे आहे? एक पूर्ण झोका बघितलात, तर उत्तर मधोमध. दहा पूर्ण झोके बघितलेत, तरी मधोमध, आणि जास्त खात्रीने. पण सव्वा झोका बघून मान फिरवलीत तर पोर एका बाजूलाच राहतं असं सांगाल. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० झोके घेते, एक झोका २० मिलिसेकंदांचा. ही घरघर प्रत्येक वायरीत, प्रत्येक क्लिपेत शिरलेली असते. म्हणून मीटर पूर्ण झोक्यांच्या मापानेच बघतो: १ झोका म्हणजे २० मिलिसेकंद, १० म्हणजे २००, १०० म्हणजे २ सेकंद. इंग्रजी आद्याक्षरांनी या झोक्याला पीएलसी म्हणतात. काका तोंडाने पीएलसी म्हणत आणि हाताने झोपाळा दाखवत.

या पीएलसीने एकदा घोळ घातला. कारखान्यात पीएलसी म्हणजे यंत्र चालवणारा तो महागडा कंट्रोलर, हे शिपायालाही ठाऊक. काकांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘या कामाला किमान १० पीएलसी पाहिजेत.’ चिठ्ठी साहेबांच्या टेबलावरून खरेदी खात्यात गेली. आठवड्याने तिघा विक्रेत्यांची कोटेशनं हजर, दहा-दहा कंट्रोलरांची, घासाघीस करून. खरेदीचा माणूस खूश होता. काका कोटेशन हातात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, “मला फक्त २०० मिलिसेकंद हवे होते.”

मीटरपुरतं हे ठीक. पण एकदा ही सवय हाडीमाशी भिनली की माणूस तिच्याबाहेर येत नाही. काकांकडे जेवायला गेले तेव्हा काकूंनी आधीच बजावलं, “आमटीत मीठ कसंय ते यांना विचारू नकोस. उत्तर येईपर्यंत दहीभात होतो.” विचारायची गरजच पडली नाही. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि पाण्याचा घोट घेतला. दुसरा घास, पुन्हा घोट. मला राहवलं नाही.

“काका, दर घासाला पाणी?”

“तोंडात आधीच्या लोणच्याचा ऑफसेट असतो ना. तो वजा करायला नको?”

मीटरमध्ये याला ऑटोझीरो म्हणतात. मीटर एकदा समोरची वस्तू मोजतो, मग आतल्या आत आपली टोकं जोडून स्वतःचं शून्य मोजतो आणि वजाबाकी करतो. प्रामाणिक पद्धत आहे, पण वेळ बरोब्बर दुप्पट लागतो. काकांचं जेवण म्हणूनच दुप्पट चाले. काकू मात्र पातेल्यावरून नुसता वास घेऊन सांगत, “मीठ कमी आहे.” आणि असायचं. हा मीटर कुठल्या कंपनीचा, हे कोडं काकांना लग्नाला तीस वर्षं होऊनही सुटलं नव्हतं. एकदा मला हळूच म्हणाले, “तिची रिपीटॅबिलिटी चांगली आहे, पण ट्रेसेबिलिटी नाही.” मोजमापाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जोडलेली नसेल तर काका कशालाच पुरावा मानत नसत, मग ती स्वतःची बायको का असेना.

डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायला गेले की ते तीनदा मोजायला लावत. पहिलं सोडून द्यायचं. “तो जिना चढण्याचा आहे.” फोन उचलला की हॅलो म्हणण्याआधी एक श्वास जाई, लग्न जुळवणारी माणसं एवढ्यात फोन ठेवून देत. मला ते आठ महिने ‘मॅडम’ म्हणत होते. नवव्या महिन्यात एका सकाळी ‘अगं पोरी’ म्हणाले आणि तेव्हापासून तेच कायम. माझं रीडिंग बसलं होतं.

शुक्रवारची सकाळ त्यांची कसोटी. भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी. कधी गुरुवारी वीज जाई आणि शुक्रवारी मीटर थंडगार पडलेले असत. साडेसहा आकडीला तापायला एक तास लागतो, खोलीतल्या साडेआठ आकडीला चार. प्रॉडक्शनची पोरं हातात नग घेऊन दारात रांग लावत. काका आतून मान हलवत. तासभर ते स्वतःही कुणाशी बोलत नसत. आमच्यात एक मत असं होतं की काका मीटर तापायची वाट बघतात. दुसरं असं की मीटर काका तापायची वाट बघतो.

आणि ती माकडटोपी! एसीचा झोत टेबलावर यायचा. क्लिपांच्या एका बाजूला गार वारा, दुसरीला नाही, की झाले मायक्रोव्होल्ट सुरू. काकांनी घरून चॉकलेटी रंगाची लोकरी माकडटोपी आणली आणि जोडणीवर चढवली. शेवटचे दोन आकडे लगेच शांत. ऑडिटर आले तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत उचलली.

“हे काय?”

“आवरण,” काका म्हणाले.

“कार्यपद्धतीत नोंद आहे?”

होती. तिसऱ्या पानावर, ‘ऊबदार अपारदर्शक आवरण, लोकरीचे, एक नग’. ऑडिटरांनी सही केली. टोपीवर स्टिकर मात्र लावू दिलं नाही.

मोठे रेझिस्टर मोजायचे असले की आणखीच मजा. १ गिगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला एखादा नॅनोफॅरड केबल लागलेली, म्हणजे आत भरण्याचा टाइम कॉन्स्टंट एका सेकंदाचा. एका सेकंदानंतर अजून ३७ टक्के बाकी, दुसऱ्या सेकंदानंतर त्याचे ३७ टक्के. दहा लाखांत एकाच्या आत यायला असे चौदा टाइम कॉन्स्टंट लागतात. काका बोटं मोडत चौदापर्यंत मोजत आणि म्हणत, “रामालाही तेवढेच लागले.” त्या वेळात खोलीत कुणी हलायचं नाही. माझी नायलॉनची ओढणी खुर्चीला घासली तरी आकडा उडे आणि वनवास पहिल्यापासून सुरू.

म्हणून कुणी म्हणेल, काका नुसते संथ होते. मीही तेच म्हणत होते, दोन गोष्टी घडेपर्यंत.

पहिली अमेरिकेहून आलेल्या मीटरची. मालकांच्या कुणा नातेवाइकांनी जुना बेंच मीटर स्वस्तात आणून दिला. चकचकीत होता, पण कशालाही लावा, शेवटचे तीन आकडे सारखे झुलायचे. केबल बदलल्या, अर्थिंग तपासलं, एसी बंद केला. सगळे थकले तरी काका समोर बसून बघतच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, मेनूत आत आत गेले आणि एकच गोष्ट बदलली: ६०च्या जागी ५०. अमेरिकेत विजेचे झोके सेकंदाला ६०, तिथला झोका १६.६७ मिलिसेकंदांचा. बरेच मीटर चालू होताना भिंतीतली वीज स्वतः ओळखतात. या वयस्काला ते सांगावं लागत होतं. तो आपला अमेरिकी झोक्यांच्या हिशेबाने दहा झोके बघायचा, आणि त्याच वेळात भोसरीची वीज घ्यायची आठ झोके आणि वर एकाचा तिसरा हिस्सा. तेवढ्या तिसऱ्या हिश्श्यात पोर एका बाजूला राहायचं.

“कसं ओळखलंत?”

“नाचत नव्हता, झुलत होता. नाचणारा आवाजाने नाचतो. झुलणाऱ्याला कुणीतरी लय दिलेली असते.”

(जपानात म्हणे एकाच देशात दोन्ही चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकी, आणि फुजी नदीच्या एका अंगाला ५०, दुसऱ्या अंगाला ६० झोके राहिले ते आजपर्यंत. हे ऐकून काका इतके हळहळले की जणू ती चूक त्यांच्याच खात्याची.)

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची, आणि ती मी सगळी सांगणार आहे.

असेंब्लीच्या लाइनवर एक सर्किट बोर्ड तपासायचा होता. १२४ ठिकाणी मापं: ११८ डीसी, ६ एसी. संगणक रिले बदलणार, मीटर मोजणार, पास किंवा फेल. प्रोग्रॅम माझा. मी काकांची चेली, त्यामुळे सगळीकडे भरपूर थांबले. डीसीला १० झोके आणि ऑटोझीरो, म्हणजे दर मापाला ४०० मिलिसेकंद. एसीला सगळ्यात हळू फिल्टर, ३ हर्ट्झपर्यंत ऐकू येणारा. तो प्रत्येक मापाला ७ सेकंद घेतो. एका बोर्डाला दीड मिनिट. लाइनवर दर अर्ध्या मिनिटाला बोर्ड येत होता. संध्याकाळी टेबलाशेजारी बोर्डांचा असा ढीग लागला की प्रॉडक्शनचे साहेब मला बघायलाच आले.

“मॅडम, हे कॅलिब्रेशनची खोली नाही.”

मला ते लागलं. रात्री बसून सगळं उलटं केलं. डीसीला ०.०२ झोका, ऑटोझीरो बंद, एसीला सगळ्यात वेगवान फिल्टर. बोर्ड काही सेकंदांत पास! साहेब हसले, मला सामोसा मिळाला. तिसऱ्या दिवशी चांगले बोर्ड फेल होऊ लागले. तोच बोर्ड परत लावला की पास. शेजारचं वेल्डिंग सुरू असलं की फेल, जेवणाच्या सुट्टीत पास. काही वाईट बोर्डही त्या गर्दीत पुढे निसटले आणि गिऱ्हाइकाकडून परत आले. ०.०२ झोका म्हणजे झोपाळ्याचा एक फोटो. पोर ज्या क्षणी जिथे, तिथेच ते राहतं असं लिहून मोकळं.

मी खाली मान घालून काकांकडे गेले. मला वाटलं, म्हणतील: सगळीकडे १०० झोके लाव. त्यांनी माझी यादी घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “या रेझिस्टरला किती सूट आहे?”

“५ टक्के.”

“५ टक्क्यांच्या वस्तूला १० झोके कशाला? कांदेबटाटे सोनाराच्या काट्यावर घालणार का?”

मी ऐकतच राहिले. हा थांबाकाका बोलतोय?

“आणि एसीला ३ हर्ट्झचा फिल्टर? तुझ्या बोर्डात ३ हर्ट्झचं आहे काय? सगळं ५० हर्ट्झ आणि वर. २० हर्ट्झचा लाव. एका सेकंदात बसेल.”

मग त्यांनी तो हिशेब सांगितला जो त्यांनी आयुष्यभर कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारला नव्हता. शंभरपट थांबलं की शांतता शंभरपट होत नाही, दहापट होते. पुढे पुढे तीही होत नाही, कारण तोवर खोली गरम होते, मीटर सरकतो, जी वस्तू मोजायची तीच बदलते. थांबणं ही खरेदी आहे, आणि भाव दर पावलाला चढत जातो. आपल्याला किती हवंय ते आधी ठरवायचं, आणि तेवढंच घ्यायचं. एक झोका मात्र पूर्ण द्यायचा. त्याच्याखाली उतरायचं नाही.

शेवटी ठरलं ते असं. ११६ ठिकाणी एकेक झोका, ऑटोझीरो बंद, रेंज आधीच ठरवून दिलेली, म्हणजे मीटर चाचपडत बसायला नको. शून्य बोर्डामागे एकदाच घ्यायचं. हे सगळं मिळून अडीच सेकंदांच्या आत. बाकी दोन ठिकाणी बोर्डाचा संदर्भ व्होल्टेज होता. तिथे काका अडून बसले, १०० झोके आणि ऑटोझीरो, प्रत्येकी ४ सेकंद. एसीच्या सहा मापांना सहा सेकंद. रिले आणि संगणकाचं बोलणं धरून एक बोर्ड बावीस सेकंदांत. वेल्डिंग सुरू असो की बंद, बोर्ड तोच तर निकाल तोच.

हे ठरवायला त्यांनी तीन आठवडे घेतले. तेवढ्या दिवसांत एकाच बोर्डाची शेकडो मापं आखीव कागदावर टिंबं देऊन मांडली, पेन्सिलीने, संगणक शेजारी रिकामा असताना. साहेब रोज येऊन विचारत, “झालं का?” काका म्हणत, “बसतंय.” शेवटच्या आठवड्यात साहेबांनी यायचं बंद केलं आणि मला फोन करायला सुरुवात केली.

काका निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये सतरंजी घातली होती, मांडववाल्याकडून माइक आणि डबा स्पीकर आणला होता. साहेब बोलले. खरेदीवाला बोलला, पीएलसीची गोष्ट त्याने सांगितली आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसला. मी बोलले, थोडी रडले. मग काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं.

ते माइकसमोर उभे राहिले आणि गप्प झाले. दहा सेकंद, वीस सेकंद. आधी हशा होता, तो विरला. मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. काकू मात्र पहिल्या रांगेत शांत बसल्या होत्या; त्यांना काहीतरी ठाऊक असावं. काकांनी मान एका बाजूला कलती केली, डोळे मिटले. स्पीकरमधून एक बारीक घरघर येत होती, सगळ्या समारंभभर येत होती, आम्ही कुणी ऐकलीच नव्हती.

“माइकच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना जोडली आहे,” काका म्हणाले. “एक टोक सोडवा.”

आणि ते स्टेजवरून खाली उतरून स्पीकरच्या डब्यामागे गेले. साहेब हातात शाल आणि नारळ घेऊन उभे होते. डब्यामागून, खिशातला तो बारका स्क्रूड्रायव्हर तोंडात धरल्यावर येतो तसा, काकांचा आवाज आला: “थांबा.”